नव्या वाळूवरचा तपकिरी थर: आधी पाण्याची चौकशी करा

प्रश्न निपाणीहून आला आहे. तीन फूट बाय दीड बाय दीडची खाऱ्या पाण्याची टाकी, सुरू करून महिना-सव्वा महिना झालेला. कोरडे दगड, नवी पांढरी वाळू, दोन क्लाउन मासे, दोघेही ठीक, कोरल (प्रवाळ) अजून नाही. पाणी घरच्या बोअरचं, स्वयंपाकघरातल्या आरओतून काढलेलं. दोन आठवड्यांपूर्वी वाळूवर तांबूस-तपकिरी धूळ बसायला लागली, आता ती काचेवर आणि दगडांवरही चढली आहे. वाळू ढवळली की दुसऱ्या दिवशी परत तेच. दुकानदार म्हणतो शेवाळाचं औषध टाका, एक मित्र म्हणतो वाळूच काढून फेका, दुसरा म्हणतो तीन दिवस टाकीवर चादर घाला. काय करावं? आणि कोरल कधी घालू?

यातलं एकही करू नका. वर्णनावरून हे डायटम दिसतात आणि नव्या टाकीत ते येतातच. "येतात तसे जातात, थांबा" हे उत्तर तुम्हाला कुणीही देईल आणि दहापैकी सात-आठ टाक्यांत ते बरोबरही ठरतं. तुमच्या टाकीत मात्र नुसतं थांबून भागेल असं मला वाटत नाही. प्रश्नात तुम्ही बोअर आणि स्वयंपाकघरातला आरओ हे दोन उल्लेख ओघात करून गेलात, मेख तिथंच आहे.

डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल. यातली प्रत्येक पेशी स्वतःभोवती सिलिकाचं कवच बांधते. तपकिरी रंग येतो फ्युकोझँथिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. हिरवं द्रव्य असतंच, पण त्या रंगाखाली झाकलं जातं. पाण्यात विरघळलेली सिलिका मिळाली नाही तर या पेशींचं विभाजन अडतं. हिरव्या शेवाळाला ही अट नाही, म्हणून दोघांचा बंदोबस्त एकाच उपायाने होत नाही. नव्या टाकीत उघडे दगड आणि कोरी वाळू असते, तिथं जागा अडवून बसलेलं दुसरं कुणी नसतं आणि पहिल्या भरणीच्या पाण्यात, दगड-वाळूच्या धुळीत सिलिका असते. डायटम झपाट्याने वाढतात, सगळ्यात आधी जागा पकडतात. पुढे सिलिका संपत जाते, जिवाणूंचे थर बसतात, जांभळं, कडक कोरलाइन शेवाळ आणि बारीक जीवसृष्टी जम बसवते आणि डायटम मागे हटतात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरुवात आणि पुढचा महिना-दीड महिना जोर, असा हा क्रम असतो. तीन महिने झाले तरी थर तसाच असेल तर सिलिका कुठून तरी रोज आत येते आहे, एवढं नक्की समजा.

पण आधी ओळख पक्की करू, कारण तपकिरी दिसणारं सगळंच डायटम नसतं, आणि चुकीच्या शत्रूवर केलेला उपाय खऱ्या शत्रूला पोसतो.

डायटमचा थर पावडरीसारखा सुटा असतो. बोटाने किंवा पिचकारीच्या झोताने उडवला तर ढग उठतो आणि विरतो. काचेवरून काच घासायचा मॅग्नेट फिरवला की सहज निघतो. लाल-जांभळट चादर असेल, कडा धरून सोलली तर सालीसारखी अख्खी निघत असेल आणि हाताला घाण वास येत असेल तर ते सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. तिथं प्रवाह कमी पडलेला असतो आणि सेंद्रिय कचरा साठलेला असतो. तिसरा प्रकार डायनोफ्लॅजेलेट, ज्याला आपण सगळे डायनो म्हणतो. हा तपकिरीच, पण शेंबडासारखा चिकट. दुपारनंतर त्याच्या तारा लोंबू लागतात, तारांच्या टोकाला हवेचे बुडबुडे अडकतात. रात्री लाईट गेल्यावर वाळू बरीच स्वच्छ दिसते आणि सकाळी दहा-अकरानंतर परत तेच. टाकीतल्या गोगलगायी उलथ्या पडायला लागल्या तर संशय आणखी बळकट करा, कारण ऑस्ट्रिऑप्सिससारखे काही डायनो विषारी असतात.

खात्री करायची साधी पद्धत आहे. थोडा थर टाकीच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, झाकण लावून जोरात हलवा, मग कागदी फिल्टरमधून गाळा. कागदी फिल्टर म्हटलं, आपल्याकडच्या कॉफीच्या पितळी फिल्टरने काम होणार नाही. गाळलेलं पाणी पारदर्शक ग्लासात तासभर उजेडात ठेवा. त्यात परत धागे-गुठळ्या जमल्या तर डायनो. स्वच्छच राहिलं तर डायटम असण्याची शक्यता जास्त. त्याहून पक्कं हवं असेल तर सूक्ष्मदर्शक. गावातल्या कुठल्याही कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत ओळख काढा, एक थेंब काचपट्टीवर न्या. डायटम होडीसारखे, काडीसारखे, कडक कडांचे आणि सोनेरी दिसतात. हललेच तर सरळ रेषेत संथ सरकतात. ऑस्ट्रिऑप्सिस पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा, एका टोकावर टेकून गरगर फिरणारा. एकदा बघितलं की पुन्हा घोटाळा होत नाही. तुमच्या वर्णनात धूळ आहे, तारा-बुडबुडे नाहीत, मासे ठीक आहेत. म्हणून मी डायटम धरून पुढे जातो. तरी वरची बाटलीची परीक्षा आजच करून घ्या.

आता पाणी. इथं मी जरा वेळ घेणार आहे.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. बेसाल्ट झिजतो तसा तो पाण्यात सिलिका सोडतो. म्हणून या भागातल्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे २०-३० मिलिग्रॅम विरघळलेली सिलिका असणं नवलाचं नाही. बेळगाव शहरात नळाला राकसकोपचं किंवा हिडकलचं पाणी येतं, ते धरणाचं, तुलनेने हलकं. त्यामुळे शहरातल्या मित्राने "माझ्याकडे पंधरा दिवसांत गेलं" म्हणून सांगितलं तर त्याचं खरं असेल, पण तुमच्या बोअरला ते लागू होत नाही. उष्ण समुद्राच्या वरच्या थरातलं पाणी घेतलं तर त्यात सिलिका लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली असते. आपण रीफची (कोरलची) टाकी म्हणजे त्याच पाण्याची नक्कल करायला निघालेलो असतो.

"पण मी आरओचंच पाणी वापरतो, टीडीएस (विरघळलेले क्षार) साठ येतो." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता पुढचं न विचारताच सांगतो. स्वयंपाकघरातला आरओ चहा-भातासाठी बनवलेला असतो. मेंब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, आलेलं पाणी अगदी सपक लागतं, म्हणून बहुतेक यंत्रांत एक छोटा टीडीएस कंट्रोलर असतो. तो मेंब्रेनला वळसा घालून आलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. काहींत त्याच्या पुढे मिनरलची कांडी असते. पिण्यासाठी यात काही वाईट नाही. टाकीसाठी मात्र ही मागच्या दाराने येणारी सिलिका आहे.

हिशेब करून बघा. बोअरमध्ये ३० मिलिग्रॅम सिलिका धरा. चांगला मेंब्रेन त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त अडवतो, म्हणजे थेट मेंब्रेनच्या पाण्यात दीड मिलिग्रॅमच्या आत. पण कंट्रोलरने पाचवा हिस्सा कच्चं पाणी मिसळलं तर तुमच्या कॅनमध्ये सातेक मिलिग्रॅम सिलिका आली. तुमची टाकी काठोकाठ भरली तर १९० लिटरची, दगड-वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून धरू १५५ लिटर. पहिल्या दिवशीच ती सात मिलिग्रॅमवर सुरू झाली. शिवाय रोज दोन लिटर पाणी वाफ होऊन जातं. वाफ होतं ते निव्वळ पाणी. मीठ, सिलिका सगळं मागे राहतं. त्या जागी तुम्ही सात मिलिग्रॅमवालं दोन लिटर घालता, म्हणजे रोज १४ मिलिग्रॅम, लिटरमागे सुमारे ०.०९. महिन्याला जवळपास पावणेतीन. डायटमना रोजचं जेवण ताटात वाढून मिळतंय, ते कशाला जातील? एप्रिल-मेत टाकी थंड ठेवायला वर पंखा लावलात तर वाफ दुप्पट, आणि वाढणीही दुप्पट.

दुसरी अडचण मीटरची. टीडीएस मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो. विरघळलेली सिलिका साध्या पाण्याच्या पीएचला बहुतेक सिलिसिक आम्लाच्या रूपात असते आणि तिच्यावर विद्युतभार जवळजवळ नसतो. म्हणून मीटरला ती दिसत नाही. मीटरवर शून्य आणि पाण्यात सिलिका, असं होऊ शकतं आणि होतं. आरओनंतर डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार शोषणारे मणी, लावणाऱ्यांनाही हा चकवा बसतो: रेझिन थकायला लागलं की सगळ्यात आधी सुटते ती सिलिका. रेझिनचा रंग बदलण्याआधी, मीटरचा आकडा शून्यावरून हलण्याआधी.

म्हणून करायचं काय, तर स्वयंपाकघरातलं यंत्र मोडायची गरज नाही. फिटरला बोलावून मेंब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या नळीवर, कंट्रोलर आणि मिनरल कांडीच्या आधी, एक टी-जोड आणि छोटा कॉक बसवून घ्या. तिथून टाकीसाठी वेगळी नळी काढा. तिच्यावर मिक्स्ड-बेड (मिश्र मण्यांच्या) डीआय रेझिनचे दोन डबे एकापुढे एक लावा. पहिला थकला की दुसरा पुढे सरकवायचा आणि नवा मागे लावायचा. असं केलं की पहिल्यातून निसटलेली सिलिका दुसऱ्यात अडकते. रेझिन पुणे-मुंबई किंवा बेंगळुरूहून कुरिअरने मागवावं लागतं, एकदम जास्त घेतलंत तर सीलबंद आणि सावलीत ठेवा. कडक बोअरला मेंब्रेन लवकर मरतो, म्हणून मेंब्रेनच्या आधीचा आणि नंतरचा टीडीएस महिन्यातून एकदा लिहून ठेवत जा. अडवण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली आलं तर मेंब्रेन बदला, रेझिनवर पैसे घालू नका. वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, मोरीत वापरा.

सिलिकाचं टेस्ट किट घेणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. टाकीचं पाणी तपासून फार कळत नाही, कारण आलेली सिलिका डायटम लगेच उचलतात आणि आकडा कमी दिसतो. टॉपअपचं, म्हणजे वाफ झालेल्या पाण्याच्या जागी घालायचं, पाणी तपासा. ते स्वच्छ असेल तर बाकीचं काळावर सोडता येतं.

खानापूरच्या बाजूचे लोक विचारतात, इतका पाऊस पडतो तर पावसाचं पाणी का नको? उघड्या आभाळाखाली, पहिले जोरदार आठवडे सोडून, स्वच्छ प्लास्टिकच्या पिंपात धरलेलं पाणी सिलिकाच्या दृष्टीने उत्तम असतं. पण ते पत्र्यावरून आलेलं नको. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं जस्त गोगलगायी-कोरलना घातक, कौलावरून आलं तर माती-धूळ. धरलंत तरी सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर, कार्बन आणि रेझिनमधून काढल्याशिवाय टाकीत घालू नका. मग आरओपेक्षा यात फायदा काय, असं म्हणाल, तर फारसा नाही. मी तरी त्या भानगडीत पडत नाही.

वाळूबद्दल तुम्ही फक्त "नवी पांढरी" एवढंच लिहिलंय. अॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची वाळू असेल तर ठीक. पिशवीवर नाव नसेल तर चिमूटभर वाळू वाटीत घेऊन वर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर घाला. फेस आला की कार्बोनेट. फेस आला नाही तर ती क्वार्ट्झची सिलिका वाळू. तिची घाबरून फार बदनामी झाली आहे. स्वच्छ, कडक क्वार्ट्झ पाण्यात इतकी सावकाश विरघळते की डायटमच्या लाटेला तिला एकटीला जबाबदार धरता येत नाही. तिचा खरा तोटा वेगळा: अॅरागोनाइटसारखा काही उपयोग ती देत नाही, आणि टोकदार कणांची असेल तर वाळू चाळणाऱ्या माशांच्या कल्ल्यांना टोचते.

पण बेळगावात एक वेगळाच प्रकार चालतो, म्हणून सांगतो. उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्र्या आहेत. ओळखीने पोतंभर वाळू फुकटात मिळते. तिथली वापरलेली वाळू टाकीत कधीही घालू नका. ग्रीन सँडमध्ये बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी असते, शेल मोल्डिंगच्या वाळूला रेझिनचा लेप असतो, आणि सीओटू पद्धतीच्या साच्याची असेल तर तिला बांधायला सोडियम सिलिकेट वापरलेलं असतं. हे शेवटचं तर पाण्यात विरघळणारी सिलिकाच! डायटमसाठी याहून चांगलं खत बाजारात मिळणार नाही. गोव्याच्या किनाऱ्यावरून चोर्ला घाटाने वाळूच्या गोण्या आणण्याचा मोहही नको. ती वाळू बहुतेक क्वार्ट्झ, त्यात काळे जड खनिजकण मिसळलेले असतात आणि किनाऱ्यावरची घाण वर. त्यातले काळे कण लोहचुंबकाला चिकटताना दिसतील.

वाळू न धुता घातली असेल तर तिची भुकटीही पहिल्या आठवड्यांत हातभार लावते. त्याला आता इलाज नाही. ती काढून धुवायच्या मागे लागू नका, एवढ्यात वाळूत जे जिवाणू बसलेत ते जातील आणि दगडांवरचा सगळा भार वाढेल.

आता टाकीत हात घालायचं ते. पाणी दुरुस्त होईपर्यंत वॉटर चेंज, म्हणजे टाकीतलं थोडं पाणी काढून नवं खारं पाणी घालणं, थांबवा. खराब पाण्याने केलेला वॉटर चेंज म्हणजे सिलिकाचा नवा हप्ता. अमोनिया, नायट्राइट ही माशांच्या घाणीतून होणारी विषं शून्य असतील आणि मासे दोनच असतील तर दोन-तीन आठवडे वॉटर चेंज न करता काही बिघडत नाही. टॉपअप मात्र टाळता येत नाही, तेवढं पाणी ज्याच्याकडे चांगला आरओ-डीआय आहे त्याच्याकडून कॅनमध्ये आणा. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी सुचवणारे भेटतील. त्याचा दर्जा कॅनगणिक बदलतो, म्हणून मी ते वापरायला सांगत नाही.

पाणी सुधारल्यावर आठवड्याला १० ते १५ टक्के वॉटर चेंज सुरू करा आणि त्याच वेळी थर काढा. एअरपंपाची बारीक नळी घ्या, जाड सायफनने वाळूच जास्त निघते. नळीचं तोंड थराच्या किंचित वर धरा आणि पाच-सहा मिलिमीटरचा वरचा पापुद्रा ओढून घ्या. आलेली वाळू बादलीतल्या खाऱ्या पाण्यात हलवून, गढूळ पाणी ओतून परत टाकीत घालता येते. एका दिवशी निम्म्याच भागाला हात लावा. रोज वाळू ढवळणं बंद करा. ढवळून डायटम मरत नाहीत, ते वाळूच्या आत जातात, वर येतात आणि पेरणी झाल्यासारखे सगळीकडे पसरतात. नवी, दोन इंचांपर्यंतची वाळू ढवळून धोका नाही, पण ही सवय लागली की वर्ष-दोन वर्षांनी जाड जुन्या वाळूत हात घालाल, आणि तिथं हायड्रोजन सल्फाइड साठलेलं असू शकतं.

प्रवाह बघा. थर कुठं जास्त आहे? बहुधा पुढच्या कोपऱ्यात आणि दगडाच्या मागे. वेव्हमेकरचं (पाणी हलवणाऱ्या पंपाचं) तोंड थोडं फिरवून तिथं पाणी हलतं ठेवा, वाळू उडून काच दिसेल इतकं मात्र नको. लाईट सहा-सात तासांवर आणा. कोरल नसताना दहा-बारा तास जाळण्यात अर्थ नाही. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन टाकीवर येत असेल तर पडदा लावा. पूर्ण अंधार मात्र करू नका. तीन दिवसांच्या चादरीने डायटम फिके पडतील, मरतील, आणि मेलेले पुन्हा सडून पाण्यातच विरघळतील; सिलिका गेली कुठंच नाही, आणि जागा मोकळी झाली ती दुसऱ्याच कुणाला.

शेवाळनाशकाबद्दल एकच सांगतो: गोड्या पाण्याच्या टाकीसाठी मिळणाऱ्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. ते दगडात आणि वाळूत मुरतं, हळूहळू सुटत राहतं, आणि पुढे गोगलगाय, कोळंबी, कोरल काहीच टिकत नाही. सायनोवर वापरतात ते अँटिबायोटिक डायटमना शिवतही नाही. दुकानदाराचा हेतू वाईट असेल असं नाही, पण तो बाटली विकतो आणि तुम्ही टाकी सांभाळता.

गोगलगायी घ्याव्यात का? घ्या, पण बेताने. सेरिथ मला सगळ्यात आवडतात: वाळूवर फिरतात, रात्री आत घुसतात, उलट्या पडल्या तर स्वतः सरळ होतात. ट्रोकस काच आणि दगड साफ ठेवतात. मोठ्या टर्बो तीन फुटी टाकीत दगड, कोरल पाडत फिरतात. नॅसेरियस शेवाळ खात नाही, उरलेलं मांस-खाद्य खाते. ती वाळू हलती ठेवते, तेवढ्यासाठी दोन-तीन ठीक. हर्मिट खेकडे स्वस्त मिळतात म्हणून मूठभर उचलू नका, शंखासाठी ते गोगलगायींना मारतात. तुमच्या टाकीला सुरुवातीला चार-पाच सेरिथ आणि दोन ट्रोकस पुरे. जास्त आणल्या तर डायटम संपल्यावर त्या उपाशी मरतील, कुजतील, आणि तुम्ही अमोनियाचा प्रश्न घेऊन याल. बसने रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीतल्या गोगलगायी थेट सोडू नका. खारटपणातला फरक त्यांना माशांपेक्षा जास्त झोंबतो. थेंबथेंब टाकीचं पाणी घालत तास-दीड तास द्या. समुद्रकाकडी वाळू उत्तम साफ करते हे खरं, पण भारतात ती वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. कुणी मालवण-कारवारहून आणून देतो म्हणाला तर हात जोडा.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डायटम दिसले की लोक घाबरून नायट्रेट-फॉस्फेट ही पोषकद्रव्यं शून्यावर आणतात. माशांचं खाणं निम्मं करतात, स्किमर, म्हणजे फेसाबरोबर कचरा काढणारं यंत्र, जोरात लावतात, फॉस्फेट काढणारं फेरिक ऑक्साइड रिअॅक्टरमध्ये भरतात. फेरिक ऑक्साइड सिलिकाही शोषतं हे खरं, म्हणून तपकिरी थर आठवड्याभरात उतरतोही आणि माणूस खूश होतो. पण त्याबरोबर फॉस्फेट तळाला जातं. नव्या, कोरड्या दगडांच्या टाकीत आधीच जीवसृष्टी विरळ. त्यात नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. अशा टाकीत डायनोंना प्रतिस्पर्धीच उरत नाही, ते फोफावतात, आणि डायटमच्या जागी चार-सहा महिने हटत नाहीत. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात ज्या वाईट डायनोच्या टाक्या माझ्याकडे बघायला आल्या, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशा "स्वच्छतेच्या" मोहिमेतून झालेली होती.

म्हणून नायट्रेट ५ ते १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या आसपास राहू द्या. मासे दोन आहेत, त्यांना दिवसातून दोनदा नीट खाऊ घाला. फेरिक ऑक्साइड वापरायचंच असेल तर ते टाकीवर वापरू नका, टॉपअपच्या पाण्यावर काम करा. डायटम निरुपद्रवी असतात आणि कोपेपॉडसारख्या बारीक जिवांचं ते पहिलं खाद्य. रात्री टॉर्च मारून काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसले तर टाकी मार्गाला लागली म्हणून समजा.

बाटलीच्या परीक्षेत धागे जमले आणि डायनोच निघाले, तर वरचं पाण्याचं सगळं तसंच ठेवा, पण वॉटर चेंज थांबवा, नायट्रेट-फॉस्फेट वाढवा आणि कोणता डायनो ते सूक्ष्मदर्शकाखाली ठरवा. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगायला येतो, त्याच्यावर चांगल्या क्षमतेचा यूव्ही दिवा चालतो. अँफिडिनियम नावाचा डायनो वाळू सोडत नाही, तिथं यूव्हीचा उपयोग नाही. तिथं अनुभवी लोक मापून सोडियम सिलिकेट घालतात आणि मुद्दाम डायटम वाढवून त्यांच्याकडून डायनोंची जागा बळकावून घेतात. अर्थात ते टाकीसाठी बनवलेलं द्रावण असतं, उद्यमबागेतल्या डब्यातलं नव्हे. डायनोच्या टाकीत हात घालताना हातमोजे घाला, बोटाला चीर असेल तर नक्कीच.

कोरल कधी घालू, हे तुम्ही शेवटी विचारलंय. थर पूर्ण जाण्याची वाट बघायची गरज नाही. नवं पाणी सुरू करून तीन-चार आठवडे झाले, थर वाढायचा थांबला, काचेवर जांभळ्या कोरलाइनचे टाचणीएवढे ठिपके दिसू लागले आणि खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५-१.०२६ वर, तापमान २५-२६ अंशांवर टिकून आहे, असं असेल तर झोअँथिड किंवा मशरूम जातीचं एक मऊ कोरल घ्या. अॅक्रोपोरासारख्या कडक कोरलचा विचार सात-आठ महिन्यांनी. किनाऱ्यावर वाहून आलेलं मेलेलं कोरलही उचलू नका. दगडी कोरल २००१ पासून कायद्याने संरक्षित आहेत आणि मेलेला तुकडाही त्यात येतो. विकत घेताना बिल मागा. नव्या कोरलच्या बुडाशी तपकिरी धूळ बसेल, ती स्वयंपाकघरातल्या न वापरलेल्या पिचकारीने एक दिवसाआड उडवून द्या, वेव्हमेकर चालू ठेवून, म्हणजे ती फिल्टरपर्यंत पोचेल. टॉपअपच्या पाण्याच्या सिलिकाचा आकडा आला की कळवा. दोन्ही डब्यांनंतरचा आणि फक्त मेंब्रेननंतरचा, दोन्ही.